कॅरिअरवरचे कान

सपाट मुलखाचं एक उलटं असतं. तिथे पाणी माणसाच्या डोक्यावरून वाहतं. डोंगराकडची माणसं पाणी बघायला खाली वाकतात; इथे मान वर करावी लागते. कालव्याला उतार लागतो, आणि जमिनीने तो दिला नाही की मातीचा भराव घालून उभा करावा लागतो. म्हणून दोन्ही अंगांना घराच्या आढ्याइतके उंच भराव, मधून संथ पाणी, आणि त्या पाण्याच्या पायथ्याशी शेतं, गोठे, घरं. परका माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा दचकतो. तिथली माणसं दचकत नाहीत. रोजची झाली की भीतीसुद्धा पाहुणी राहत नाही, घरातलीच होते.

भरावाच्या माथ्यावरून खडीची वाट होती. जड चाकाने भराव खचतो, म्हणून वाटेच्या दोन्ही टोकांना दगडी खांब रोवलेले. त्यांच्यामधून सायकल जाईल एवढीच जागा. मोटार नाही, ट्रॅक्टर नाही, हॉर्न नाही. वाट इतकी सरळ, की पुढे चाललेला माणूस ठिपका होऊन जायचा आणि मग कितीतरी वेळ ठिपकाच राहायचा.

त्या वाटेवर एक बाई कितीतरी वर्षं सायकलच्या कॅरिअरवर बसून फिरली. तिला सगळे पाटकरीण म्हणत, कारण नवरा पाटकरी. पाणी सोडायचं, दरवाजा उघडायचा-लावायचा आणि रोज सकाळी भरावावरून फेरी मारून कुठे पाझर, कुठे बीळ, कुठे भेग आहे का ते बघायचं, हे त्याचं काम. राहायला कालव्याच्या मुख्य दरवाजाशेजारी चौकी होती. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावरून चार पावलांवर पाणी. उन्हं वर आली की पाण्याचा उजेड आतल्या खोलीच्या छतावर हलत राहायचा. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या सकाळी तिला वाटलं, घरच चाललंय कुठेतरी. नंतर सवय झाली. छत हललं नाही की तिला चैन पडेना.

पाटकऱ्याला हे काम बापाकडून आलं होतं, आणि कामाबरोबर एक शिस्तही. भरावावर सायकल हळू चालवायची आणि तोंड मिटून चालवायची. डोळ्यांना भरावाची कातडी दिसते, पोट दिसत नाही. पोट कानांना कळतं. खालची माती घट्ट असली की चाकाखाली खडी करकर वाजते. घुशीने आतून पोखरलं असलं की तीच खडी कच्च्या मडक्यावर टिचकी मारावी तशी बोलते. ज्याला हा फरक कळला त्याने सायकल थांबवायची, खाली उतरून उताराच्या गवतात बीळ हुडकायचं, त्यात चिखल ठासायचा. बस, एवढंच. एवढ्यावर खालची घरं उभी होती.

पाटकरीण तेव्हा रोज फेरीला जात नसे. कधीमधी धाकट्या जावेकडे जायचं असलं की कॅरिअरवर बसायची. धाकटा दीर आणि जाऊ वाटेच्या मध्यावर, भरावाच्या अगदी पायथ्याला राहायचे. अशाच एका सकाळी ती मागे बसली होती, आणि चाकाखाली मडकं वाजलं. तिने ते आवाज नवऱ्याच्या तोंडून इतकी वर्षं ऐकले होते, की प्रत्यक्ष ऐकताच तिने ओळखलं. तिला वाटलं, आता हे ब्रेक लावतील. सायकल पुढेच चालली.

"अहो."

तो पायडल मारत राहिला.

"अहो, थांबा ना."

काही नाही. शेवटी तिने त्याच्या पाठीवर दोनदा थापटलं. त्याने मागे वळून तिच्या तोंडाकडे बघितलं, डोळ्यांकडे नाही, ओठांकडे; आणि तिला सगळं एकदम कळलं. हल्ली हाक मारली की हे आधी माझ्या तोंडाकडे का बघतात, ते. सायकलची घंटी इतक्या जोरात का वाजवतात, ते.

उतरून दोघांनी बीळ शोधलं. हात कोपरापर्यंत आत गेला. चिखल ठासून झाल्यावर तो तिथेच गवतात बसला आणि हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"कधीपासून?" तिने तोंड मोठं करून विचारलं.

"गेल्या वर्षापासून. आधी डावा गेला. मग उजवा म्हणाला, मी एकटा काय करू."

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही. तो म्हणाला, "कचेरीत कळलं तर उद्या नोकरी जाईल. नोकरी गेली की चौकी गेली. आपण जायचं कुठे?"

लेक लग्न करून लांब गेलेली. दुसरं घर नाही, दुसरं छप्पर नाही. पाटकरीण उठली, पदर खोचला आणि कॅरिअरवर बसली. "चला," ती म्हणाली, आणि तो बघत नव्हता म्हणून पाठीवर एक थाप दिली.

तेव्हापासून ती रोज बसू लागली. एक थाप म्हणजे चला. दोन म्हणजे थांबा. तळवा नुसता टेकवला म्हणजे हळू. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ तिने नवऱ्याच्या पाठीवर झाकून धरली. लोकांना वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. कचेरीतला एक कारकून तर तोंडावर म्हणाला, "पाटकरी, बायकोला बागेत फिरवताय होय?" पाटकऱ्याला ऐकू आलं नाही, पण समोरचा हसतोय म्हणून तोही हसला. हे तो फार छान शिकला होता.

धाकटी जाऊ मात्र अशी सुटू देणारी नव्हती. ती बडबडी, हातात काम आणि तोंडात बोलणं दोन्ही एकदम चालायचं. तिचं घर जवळ आलं की पाटकरी घंटी वाजवायचा. स्वतःला ऐकू येत नव्हती तरी वाजवायचा. इतक्या वर्षांची रीत. घंटी वाजली की जाऊ अंगणात यायची आणि वर बघून सुरू करायची.

"आली का महाराणींची स्वारी?"

"आली. तोफा उडव."

"भावजींच्या मागे बसून बसून चाकाची हवा काढलीस गं ताई. कानामागून आलीस आणि तिखट झालीस."

"तू ये की मग. बस पुढे, दांडीवर."

"मी बसले तर भराव फुटेल बाई."

सायकल पुढे सरकायची तशी जाऊ खालून कुंपणाच्या कडेने चालायची, ही वरून वळून वळून बोलायची. घर संपून शेताचा बांध येईपर्यंत हे चालायचं. मग जाऊ हात हलवायची, पाटकरीण पुन्हा तोंड मिटायची आणि खडीला कान लावायची. उभ्या फेरीत बोलायची जागा तेवढीच. सगळा भराव मुका, तेवढाच तुकडा बोलका.

सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं यायची. रुंद टायरच्या सायकली, डोक्यावर टोप्या, अंगाला चिकटलेले कपडे. चौकीच्या ओट्यावर पाणी मागायची. एकदा जाऊ तिथेच बसली होती. तिने एकाला विचारलं, "कुठं निघालात?"

"कुठं नाही. नुसतं जाऊन येतो. गाड्या नाहीत ना इथे. किती शांत आहे हो. नशीबवान आहात तुम्ही."

ते गेल्यावर जाऊ म्हणाली, "कुठं नाही, नुसतं जाऊन येतो. आमच्या ह्यांचंही तेच असतं. पण ते असले कपडे घालत नाहीत, एवढं तरी सुख." दोघी पाण्याकडे तोंड करून पोट धरून हसल्या. पाटकरिणीला त्या माणसाचा एक शब्द मात्र खटकला. शांत. जिथे कान सतत टवकारून ठेवावे लागतात, तिथे शांत कुठलं?

मग तो दिवस आला. सकाळी सगळं रोजच्यासारखंच झालं. कालवा काठोकाठ भरून चालला होता. फेरी निघाली. पहिला टप्पा, लहान पूल, करंजाची झाडं. खडी करकर वाजत होती, बाई मिटल्या तोंडाने ऐकत होती. जावेच्या घराशी घंटी वाजली.

"ताई, माझी चाळण!" जाऊ खालून म्हणाली. "न्यायला बरी आठवते, द्यायला नाही."

"विसरले गं. उद्या आणते."

"उद्या उद्या करत तुझ्या लेकीचं बाळंतपण झालं तरी चाळण तुझ्याकडेच."

"मोठी आली. चाळणीसाठी जीव चाललाय."

"चाळणीसाठीच चाललाय. हे बाजाराला गेलेत, घरात एकटी आहे, म्हटलं दुपारी दाणे निवडून, चाळून झोपावं."

"नुसती झोप मग."

बांध आला. जावेने हात हलवला. पाटकरीण तोंड मिटून पुढची खडी ऐकू लागली.

दुपारी ती ओट्यावर भांडी घासत होती. पाणी घ्यायला काठाशी जाऊन वाकली आणि तांब्या पाण्याला पोचेना. दरवाजाच्या दगडावर पाण्याची उंची मोजायचे पट्टे होते. त्यांच्यावर ओला डाग वर राहिला होता आणि पाणी हातभर खाली गेलं होतं. दरवाजा कुणी हलवला नव्हता. मग पाणी चाललं कुठे?

तिने नवऱ्याला हलवून उठवलं आणि बोटाने दगड दाखवला. त्याला सांगावं लागलं नाही. तो अनवाणीच दरवाजाच्या चाकाकडे धावला. लोखंडी चाक जड, फिरवायला दोघं लागतात, आणि एका वेढ्याला दरवाजा बोटभर उतरतो. दोघं समोरासमोर उभी राहून चाक ओढू लागली. वारा पडलेला होता. आणि त्या पडलेल्या वाऱ्यात, फार लांबून, तिला आवाज यायला लागला. सुरुवातीला वाटलं आपल्याच कानातलं रक्त आहे. मग कळलं, नाही, पाणी कोसळतंय. आवाज कालव्याच्या सरळ रेषेत होता, आणि कुठल्या टप्प्यातला आहे तेही तिला कळलं. ज्या बाईने इतकी वर्षं ती वाट कानांनी मोजली, तिला ते न कळून कसं चालेल?

तिने चाक सोडलं. "आधी धाकटीकडे. तिकडे चला."

त्याने तिच्या ओठांकडे बघितलं. "आधी दरवाजा," तो म्हणाला. "दरवाजा लावल्याशिवाय जाऊन काय करणार? पाणी ओंजळीने अडवणार?"

बरोबर होतं ते. म्हणून तिने पुन्हा चाक धरलं. वेढा, आणि वेढा, आणि वेढा. समोर नवरा घामाने निथळत होता, पण त्याचा चेहरा कामातल्या माणसाचा होता. त्याला फक्त दरवाजा दिसत होता. आवाज ती एकटीच ऐकत होती.

मग सायकल. तो जीव खाऊन पायडल मारत होता आणि ती मागे बसून त्याच्या शर्टात तोंड खुपसत होती, पण कान कुठे खुपसता येतात? करंजाच्या झाडांपुढे गेल्यावर त्याला दिसलं. भरावाला घर मावेल एवढं भगदाड पडलं होतं, आणि दरवाजा लावल्यावर उरलेलं पाणी त्यातून अजून खाली चाललं होतं. खाली जिथे अंगण होतं तिथे तांबडं पाणी होतं. घराची एक भिंत उभी होती, तिच्यावर खुंटी, खुंटीला छत्री.

जाऊ संध्याकाळी दोन शेतं पलीकडे, कुंपणाच्या तारेत सापडली. दीर बाजारातून आला तेव्हा तिला रस्त्याकडेला आणून ठेवलं होतं. त्याच्या हातातली पिशवी कुणी काढून घेतली नाही. तो ती धरूनच बसून राहिला.

चौकशीला कचेरीतून साहेब आले आणि चौकीच्या पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. साहेबांच्या मिशा ओठांवर आलेल्या. पाटकरी त्या मिशांकडे बघत राहिला. त्याला एक अक्षर वाचता येईना. पाटकरीण त्याच्या मागे उभी होती.

"सकाळी फेरी झाली होती?" साहेबांनी विचारलं.

"झाली होती साहेब," ती म्हणाली.

"तुम्ही थांबा हो बाई. त्यांना बोलू दे."

तिने पाठीवर एक थाप दिली. "होय साहेब," पाटकरी म्हणाला.

"त्या जागी ओल, बीळ, आवाज, काही लक्षात आलं होतं?"

तिचा हात थोडा वेळ हवेतच राहिला. मग दोन थापा.

"नाही साहेब."

साहेबांनी मान हलवली. वर्षानुवर्षांची घुशीची बिळं आतून एकमेकांना मिळाली असावीत, असं ते म्हणाले. अशाला माणूस काय करणार. पाटकऱ्याचा कामाचा रेकॉर्ड चांगला होता. कुणावर ठपका आला नाही. जाताना साहेबांनी हात जोडले. मूठ झाकलेलीच राहिली, नोकरी राहिली, चौकीही राहिली. आतल्या खोलीचं छत मात्र हललं नाही, कारण कालवा कोरडा होता.

त्या कोरड्या दिवसांत पाटकरिणीला एकच काम उरलं. ती सकाळ पुन्हा ऐकायचं. जावेचा प्रत्येक शब्द तिला आठवत होता. चाळण, उद्या, बाळंतपण, जीव चाललाय. त्या शब्दांच्या खाली चाक चाललं होतं. चाकाखाली काय वाजत होतं? कितीही कान दिला तरी वर जावेचा आवाज, आणि खाली काही नाही. त्या दिवसाचंच नाही. कालचं, परवाचं, मागच्या वर्षाचंही नाही. अख्ख्या भरावाची खडी तिला पाठ होती, आणि तेवढा एक तुकडा तिने कधी ऐकलाच नव्हता. तिथे ती बोलत असे.

बऱ्याच दिवसांनी ती चाळण घेऊन दिराकडे गेली. तो त्या एका भिंतीला पत्रा टेकवून राहत होता. तिने चाळण पुढे केली.

"हे काय वहिनी?"

"तिची. द्यायची राहिली होती."

त्याने चाळण घेतली, उजेडाकडे धरली, त्यातून भरावाकडे बघितलं. मजुरांनी नवी माती भरायला घेतली होती. "वहिनी," तो म्हणाला, "एक विचारू? दादाचा कान म्हणजे कान. लहानपणी अंधारात नुसत्या पावलांवरून सांगायचा, कोण येतंय ते. मग त्या दिवशी त्याला कसं नाही कळलं?"

होय-नाही करायला इथे कुणाची पाठ नव्हती. घुस म्हणून सांगितलं असतं तर त्याने मान हलवली असती. साहेबांनी हलवली तशीच. पाटकरीण खाली बसली आणि तिने सांगितलं. दादाचे कान कधी गेले ते. आपण मागे का बसत होतो ते. आणि त्या तुकड्यावर आपण काय करत होतो तेही.

दिराने चाळण खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे तुमची चौकी वाचावी म्हणून."

"हो."

"आणि ती तुमच्याशी बोलायला धावत बाहेर यायची."

"हो, भावजी."

"जा आता," तो म्हणाला. रागाने नाही. दार लोटताना म्हणतात तसं.

दिराने भावाशी बोलणं टाकलं. अबोला धरला तोही बहिऱ्याशी. धरला काय, सोडला काय, कळायला पाटकऱ्याला चार भेटी लागल्या. मग एका संध्याकाळी त्याने विचारलं, "त्याचे ओठ का हलत नाहीत मला बघून?"

ती समोर बसली आणि तोंड मोठं करून म्हणाली, "मी सांगितलं त्याला. सगळं."

त्याने दोनदा विचारलं, आणि ती दोनदा तेच म्हणाली. तो रागावला नाही, ओरडला नाही. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा नुसता तोंड उघडत-मिटत राहिला. सकाळी तिला जाग यायच्या आत सायकल घेऊन गेला. कॅरिअर रिकामा. कचेरीत साहेबांसमोर उभा राहून त्याने काय सांगितलं ते तिला कधी कळलं नाही. परत आला तेव्हा सायकलवर बसून नव्हे, हातात धरून चालत आला.

"आवराआवर कर," तो म्हणाला. "साहेबांनी महिन्याची मुदत दिली. मिशा बाजूला करून, हळूहळू बोलले. भला माणूस."

निघाले त्या सकाळी कालव्यात पुन्हा पाणी सोडलं होतं. बाकीचं सामान आधीच गेलं होतं. एक गाठोडं दांडीला, एक तिच्या मांडीवर. ती सवयीने मागे बसली. सवयीनेच तोंड मिटलं. पहिला टप्पा, लहान पूल, करंजाची झाडं. समोरून शहरातले दोन सायकलवाले आले. त्यातला एक पाय टेकून म्हणाला, "काका, तिकडचा तुकडा नवा केलात वाटतं? फार छान झालाय. चाक लोण्यासारखं जातं."

पाटकऱ्याने त्याच्या हसण्याकडे बघितलं आणि तोही हसला.

नवी खडी सुरू झाली तिथे पाटकऱ्याने घंटी वाजवली. अंगठा आपोआप गेला असावा. खाली दीर वाफ्यात वाकला होता. घंटी ऐकून त्याने मान वर केली, भरावाकडे बघितलं, आणि पुन्हा खाली वाकला.

पाटकरिणीने दोन थापा दिल्या.

सायकल थांबली. तो पाय टेकून वळला, तिच्या ओठांकडे बघत. "काय ऐकू आलं?"

माती घट्ट होती. खडी करकर वाजली होती, सरळ, एकसारखी, जशी वाजायला हवी तशी. या तुकड्यावर ती पहिल्यांदाच ऐकत होती. खालून कुणी काही बोललं नाही.

"काही नाही," ती म्हणाली. तो अजून बघतच होता, म्हणून तिने मान हलवली. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि एक थाप दिली.